हिंवाळ्यांतील बूट : स्वस्त कोणता?

पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठीं त्र्यंबकेश्वरीं जाणाऱ्यांस तेथील थंडी ठाऊक आहेच. ब्रह्मगिरीच्या दगडी पायऱ्यांवर तर पायांतील बुटांचा खरा कस लागतो. तेव्हां नुसत्या चकाकीस भुलूं नये. तळ शिवलेला व खांचांचा असावा. शिवलेला तळ झिजल्यास कारागिराकडून बदलून घेतां येतो, नुसता चिकटविलेला सुटला कीं पुष्कळदां सारा जोडच टाकावा लागतो. दिवसभरांत पाय किंचित् फुगतात, म्हणून खरेदी सायंकाळीं करावी. लोकरी मोजे घालूनच बूट पाहावा व बोटांपुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी. दरवर्षीं नवा जोड घेण्यापेक्षां दुप्पट किंमतीचा, परंतु चार वर्षें टिकणारा जोड अंतीं स्वस्तच पडतो. घरांतील वृद्धांच्या बाबतींत तर येथें काटकसर नकोच. उतरणीवर त्यांचा सारा तोल त्या तळावरच अवलंबून असतो.