जुनी जीप : दुखणे एकीकडे, कळ दुसरीकडे

दाढ किडलेली असते आणि ठणका कानात लागतो. अशा वेळी कानात औषध घालून काय होणार? जुन्या जीपचे दुखणेही पुष्कळदा असेच फसवे असते. दिवे मंदावले की आपण बॅटरी बदलतो. गाडी एका अंगाला ओढू लागली की स्टिअरिंगला दोष देतो. पैसे जातात आणि दुखणे मात्र जिथल्या तिथे राहते. ते मूळ ठिकाण कसे शोधावे, एवढेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

जीप आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १९४७ साली महिंद्रांनी विलीज जीप भारतात आणली आणि पाहता पाहता ती लष्करात, सरकारी खात्यांत आणि खेड्यापाड्यांत रुळली. नगर तर रणगाडा दलाचे गाव. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्थाही इथेच आहे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण अकोल्याच्या डोंगरातले चढ काही कमी झाले नाहीत! कळसूबाईच्या बाजूच्या वाड्यांवरून जुनी जीप आजही बियाण्याची पोती आणते, दुधाचे कॅन नेते आणि वेळप्रसंगी अडलेली बाळंतीणही दवाखान्यात पोचवते. तिथे ती अर्ध्या वाटेत बसली, तर प्रश्न नुसत्या खर्चाचा उरत नाही.

मी काही यंत्रविद्येचा माणूस नव्हे. पण एका पावसाळी संध्याकाळी मला हा धडा मिळाला. भंडारदऱ्याहून विद्यार्थ्यांना घेऊन परतत होतो. प्रत्येक खड्ड्याला दिवे लुकलुकत होते. राजूरला चहासाठी थांबलो आणि मग जीप काही सुरूच होईना. सेल्फ नुसता ‘टक्’ म्हणे आणि गप्प. बॅटरी तर महिन्यापूर्वीच नवी घातलेली! तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाले गृहस्थ आले. त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या उघड्या लोखंडापर्यंत एक जाड वायर धरायला लावली आणि म्हणाले, “मारा आता सेल्फ.” गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. “बॅटरी चांगलीय गुरुजी. तिचा परतीचा रस्ता बंद झालाय,” एवढे बोलून ते गेले.

हा परतीचा रस्ता म्हणजे काय? आपल्या घरात दिव्याकडे दोन वायरी जातात. जीपमध्ये बहुधा एकच जाते. वीज परत येते ती चासीच्या लोखंडातून. ह्यालाच मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात. बॅटरीची ऋण वायर चासीला बोल्टने आवळलेली असते, आणि चासीपासून इंजिनाला दुसरी पट्टी असते. ह्या सांध्यांत गंज शिरला की विजेची वाट अडते.

आता थोडे गणित. समजा, सांध्यातला अडथळा ०.०२ ओहम आहे. हेडलाइट ५ अँपियर घेतो. त्याच्या वाटेत ०.१ व्होल्ट खर्च होतो, म्हणजे काहीच नाही. दिवा झकास लागतो. पण सेल्फला १५० अँपियर लागले, तर त्याच सांध्यात ३ व्होल्ट खर्ची पडतात आणि बारापैकी नऊच सेल्फच्या वाट्याला येतात. म्हणून उभ्या गाडीत दिवा नीट लागला, एवढ्यावरून वायरिंग ठीक आहे असे समजू नये.

तपासाचा क्रम असा ठेवावा. साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीने १२.६ च्या आसपास दाखवले तर ती भरलेली आहे, १२.२ दाखवले तर निम्मी. सेल्फ फिरताना आकडा १० च्या बराच खाली गेला, तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळाले, तर चार्जिंग ठीक आहे. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, की दोष अर्थच्या सांध्यात. सांधा सोडवा, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. ब्रेक दाबल्यावर मागचा दुसराच दिवा मिणमिणू लागला, तर त्या दिव्याचा अर्थ आधी पाहा.

तीन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. जळालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार बसवू नये. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि कधी कधी गाडीही. अल्टरनेटर असलेल्या जीपचे इंजिन चालू असताना, चार्जिंग पाहण्यासाठी म्हणून बॅटरीची वायर काढू नये. अल्टरनेटर निकामी होतो. बॅटरी सोडवताना धन टोकापासून आरंभ करू नये. ऋण टोक आधी सोडावे आणि शेवटी जोडावे.

आता पाट्यांकडे वळू. जीप सपाट जागी उभी करा आणि चारही चाकांची हवा सारखी करा. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एक बाजू बरीच खाली असेल, तर तिकडचा पाटा बसला आहे किंवा तुटला आहे. त्यानंतर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी धरा. जुन्या आखूड जीपमध्ये हे अंतर ८० इंच असते. डावीकडचे आणि उजवीकडचे माप जुळले नाही, तर पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकला असण्याचा संभव आहे. अशी जीप रस्त्यावर खेकड्यासारखी तिरपी चालते. तिथे स्टिअरिंग बिचारे निरपराध असते.

यू बोल्टच्या कडेला किंवा दोन पाट्यांच्या मध्ये तांबूस भुकटी दिसली, तर तिथे काहीतरी हलते आहे, असे समजावे. गाडी सुटताना आणि ब्रेक मारताना ‘खट्’ आवाज आला, तर बुश आणि शॅकल पाहावेत. शॉकअपची परीक्षा तर फारच सोपी. खराब रस्त्यावरून चार-पाच मैल आल्यावर हात जपून चौघांना स्पर्श करा. काम करणारा शॉकअप गरम लागतो, कारण धक्क्याची शक्ती तो उष्णतेत घालवतो. जो थंडच राहिला, तो नुसता लटकलेला आहे. आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम घोडी लावावी.

कधी वळताना जीप अडखळते, कण्हते, आणि आपण पाट्यांना बोल लावतो. अशा वेळी चार चाकांचा गिअर कोरड्या डांबरी रस्त्यावर लागलेला राहिला नाही ना, हे आधी पाहा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर तोडतात; चिखलात ती घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर त्यांना तशी सवड मिळत नाही.

राजूरच्या गोष्टीचा शेवट राहिलाच. दुसऱ्या दिवशी पाहिले, तो चासीवरचा अर्थचा बोल्ट ढिला होता आणि त्याखाली गंज होता. पण तो ढिला का झाला? पुढचा मुख्य पाटा तडकलेला आणि त्या बाजूचा शॉकअप मेलेला. प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट चासीला बसत होता आणि बोल्ट मोकळा होत होता. नुसता बोल्ट आवळला असता, तर महिन्याभरात तो पुन्हा सुटला असता. दुखणे पाट्यात होते, कळ मात्र दिव्यात उठत होती.

शिक्षकबंधूंनी हा धडा वर्गात अवश्य द्यावा. बॅटरीचा एक सेल, एक छोटा बल्ब आणि एक गंजका खिळा पुरे. वाटेत खिळा घाला, बल्ब लागणार नाही किंवा मिणमिणेल. खिळा घासा, तो उजळेल. मग मुलांना विचारा, सेल बदलायला हवा होता काय? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट देता आले, तो उद्या जीपचा नवा भाग विकत घेण्यापूर्वी निदान एकदा खाली वाकून पाहील.