ॲक्रिलिक घेताय? आधी ट्यूब वाचा!

आर्ट क्लबची वर्षातली पहिली मीटिंग झाली की एक प्रश्न हमखास येतो, "रंग कुठले घ्यायचे?" मग प्रत्येकाचं एकेक मत. एक जण म्हणतो, "इम्पोर्टेडच घ्या, बाकी सगळं बकवास!" दुसरी म्हणते, "स्टेशनरीच्या दुकानातला बारा रंगांचा सेट घ्या, शिकायचंच तर आहे." दोघांचंही थोडं बरोबर, थोडं चूक. क्लबचं बजेट किती असतं ते आपल्याला माहीत आहेच, आणि आपल्या स्वतःच्या खिशाबद्दल तर न बोललेलंच बरं. म्हणून या वेळी म्हटलं, एकदाचं हे सगळं नीट लिहूनच काढू.

मित्रांनो, आपण साधा रेझिस्टर घेताना त्याच्यावरचे पट्टे वाचतो. बेअरिंग घेताना नंबर बघतो. मग रंगाच्या ट्यूबवर एवढं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते का नाही वाचत?

ॲक्रिलिक म्हणजे नक्की काय?

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. तेव्हाचे पोस्टर कलर आठवा. वाळलेल्या चित्रावर ओलं बोट फिरवलं की रंग बोटाला यायचा. कारण त्यातला बाइंडर, म्हणजे रंगाची पूड कागदाला धरून ठेवणारा पदार्थ, पाण्यात पुन्हा विरघळतो.

ॲक्रिलिकमध्ये बाइंडर असतो प्लॅस्टिकचा! ॲक्रिलिक पॉलिमरचे अगदी सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, म्हणजे इमल्शन. त्यात पिगमेंट मिसळलेलं. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांच्या जवळ येतात, दबतात आणि जोडले जाऊन एकसंध पापुद्रा तयार होतो. एकदा हा पापुद्रा झाला की पाण्याने परत सुटत नाही. म्हणूनच एका थरावर दुसरा थर बिनधास्त देता येतो, आणि म्हणूनच ब्रश धुवायचा राहिला तर ब्रशला रामराम ठोकावा लागतो.

अजून एक गंमत. ओलं इमल्शन दुधासारखं पांढरट असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं. त्यामुळे ॲक्रिलिकचा रंग वाळल्यावर थोडा गडद दिसतो. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. आकाशाचा निळा अगदी परफेक्ट जुळवला आणि चहा पिऊन आलो तर वेगळाच! यात तुमचा दोष नाही, हे केमिस्ट्रीचं काम आहे.

थोडा इतिहास. जर्मन केमिस्ट ओट्टो रोम याने १९०१ मध्ये ॲक्रिलिक ॲसिडच्या संयुगांवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत 'मॅग्ना' नावाचे ॲक्रिलिक रंग आले, पण ते टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचे. पाण्यात चालणारे 'लिक्विटेक्स' १९५५ मध्ये आले, हेन्री लेव्हिसन यांच्या कंपनीकडून. म्हणजे ऑइल पेंटच्या मानाने हे माध्यम अगदीच तरुण. पण त्याला कमी समजू नका. नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले एस. एच. रझा पुढे ॲक्रिलिककडे वळले. त्यांचं १९८३ चं 'सौराष्ट्र' हे ॲक्रिलिकमधलं चित्र २०१० मध्ये लंडनच्या लिलावात १६ कोटी रुपयांच्या वर गेलं!

पहिली पायरी: नुकतीच सुरुवात करणारे

तुम्ही पहिल्यांदाच ब्रश धरणार असाल तर स्टुडंट ग्रेड घ्या. त्यात पिगमेंट कमी आणि फिलर, म्हणजे खडूसारखी भर, जास्त असते. म्हणून ते स्वस्त पडतात. आपल्याकडे कॅमल सहज मिळतो. थोडे जास्त पैसे असतील तर विन्सर अँड न्यूटनचं गॅलेरिया, लिक्विटेक्सचं बेसिक्स, डेलर राउनीचं सिस्टिम थ्री हे त्याच वर्गातले पण बऱ्यापैकी दमदार रंग आहेत.

सुरुवातीला महागडा रंग घेऊ नये, याचं मुख्य कारण पैसे नाही. महाग ट्यूब असली की माणूस वाटाण्याएवढा रंग काढतो आणि भीत भीत लावतो. शिकताना उलट भरपूर रंग काढायचा असतो, चुकायचं असतं, वरून पांढरा फासून परत सुरू करायचं असतं.

पण एक धोक्याची सूचना. बारा इवल्या इवल्या ट्यूबचा सगळ्यात स्वस्त सेट घेऊ नका. माझ्या रूममेटने सेकंड इयरला असाच एक सेट आणला होता. तीन कॅनव्हास झाले आणि तिने सगळं सामान पलंगाखाली ढकललं. म्हणाली, "जाऊ दे गं, माझा हातच नाहीये चित्रकलेचा." मी तिचं सूर्यफुलाचं चित्र बघितलं तर ड्रॉइंग मस्त होतं. पण पिवळ्याचे चार चार कोट देऊनही खालची पेन्सिल दिसत होती. हात चांगलाच होता, पिवळ्यातच दम नव्हता. पुढे क्लबच्या कपाटातली पिवळ्याची आणि पांढऱ्याची एकेक बरी ट्यूब तिला दिली, आणि तेच फूल एका संध्याकाळी झालं. किती जण अशा रंगापायी स्वतःलाच नापास करून मोकळे होत असतील!

मग घ्यायचं काय? बारा रंगांऐवजी सहा बऱ्या ट्यूब. टायटॅनियम व्हाइट (ही मोठी घ्या, सगळ्यात आधी हीच संपते), लेमन यलो, एक लाल, अल्ट्रामरीन ब्लू, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. काळा नाही घेतला तरी चालेल. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळलं की इतका सुंदर गडद रंग तयार होतो की ट्यूबमधला काळा त्यापुढे मेलेला वाटतो. आणि मिश्रणं स्वतः करायला लागलं की रंग कळायला लागतात, हा बोनस.

दुसरी पायरी: हात बसलाय, आता पुढे?

वर्षभर नियमित रंगवलंत, आता स्टुडंट ग्रेडच्या मर्यादा जाणवायला लागल्या. मिश्रण मळकट होतं, ब्रशचे फटकारे उमटत नाहीत. आता ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची वेळ आली.

पहिली गोष्ट म्हणजे पिगमेंट कोड. प्रत्येक पिगमेंटला आंतरराष्ट्रीय नंबर असतो. टायटॅनियम व्हाइट म्हणजे पीडब्ल्यू ६, अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू म्हणजे पीबी १५. ट्यूबवरचं नाव कंपनीला हवं ते असू शकतं, 'समर स्काय' काय नि 'पीकॉक' काय, पण कोड खोटं बोलत नाही. एकाच कोडचा रंग मिश्रणात स्वच्छ राहतो. ज्या ट्यूबमध्ये आधीच तीन कोड आहेत, तिच्यात अजून दोन रंग घातले की चिखल झालाच समजा.

दुसरी गोष्ट 'ह्यू' हा शब्द. 'कॅडमियम रेड ह्यू' म्हणजे त्यात कॅडमियम नाही, तसा दिसणारा दुसरा पिगमेंट आहे. ही फसवणूक नव्हे आणि रंग वाईटच असेल असंही नाही, पण आपण काय विकत घेतोय ते कळलं पाहिजे.

तिसरी गोष्ट छोटा चौकोन. रिकामा असेल तर रंग पारदर्शक, अर्धा भरलेला असेल तर अर्धपारदर्शक, पूर्ण भरलेला असेल तर झाकणारा.

चौथी गोष्ट सिरीज नंबर. नंबर वाढला की किंमत वाढते, कारण पिगमेंटच महाग असतं. मातीचे रंग, म्हणजे ऑकर, सिएना, हे सहसा सिरीज एकमध्ये असतात. कॅडमियम आणि कोबाल्ट वरच्या सिरीजमध्ये.

आता थोडं गणित. समजा एक ट्यूब १०० रुपयांची आहे आणि एका कोटात झाकते. तेवढ्याच आकाराची दुसरी ५० रुपयांची आहे, पण तिचे तीन कोट लागतात. तेवढीच जागा रंगवायला पहिलीचा खर्च १०० आणि दुसरीचा १५०. म्हणजे स्वस्त कोणती? म्हणून या पायरीवर सगळा सेट बदलायची गरज नाही. पांढरा आणि रोजचे दोन रंग वरच्या ग्रेडचे घ्या, बाकीचे जुनेच चालू द्या. दोन्ही ग्रेड एकमेकांत मिसळलेल्या चालतात.

घट्टपणाही बघून घ्या. हेवी बॉडी लोण्यासारखा घट्ट असतो. ब्रशचे, नाइफचे ठसे हवे असतील तर तो. सॉफ्ट बॉडी किंवा फ्लुइड पातळ असतो, बारीक काम आणि सपाट थरांसाठी. पातळ म्हणजे कमी पिगमेंट असं समजू नका. चांगल्या कंपनीच्या फ्लुइडमध्येही पिगमेंट भरपूर असतं. उलट घट्ट रंगात पाणी ओतत बसलात तर बाइंडर विरळ होतो आणि पापुद्रा कमकुवत पडतो. फार पातळ हवं असेल तर पाण्यासोबत ॲक्रिलिक मीडियम घाला.

तिसरी पायरी: चित्र विकायचं आहे?

आपल्या कॉलेजमध्येही ऑर्डरवर पोर्ट्रेट करून पॉकेटमनी काढणारे आहेत. कौतुकच आहे. पण इथे जबाबदारी येते. समोरच्याने आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी पैसे मोजून चित्र घेतलं, खिडकीसमोर लावलं आणि काही वर्षांत गालांचा गुलाबी उडून चेहरे पिवळट झाले तर? तो तुम्हाला शोधत येणार नाही कदाचित. पण चित्र तर तुमचं आहे ना!

म्हणून लाइटफास्टनेस बघा. एएसटीएमच्या पद्धतीत १ म्हणजे उत्तम, २ म्हणजे खूप चांगला, आणि त्याच्या पुढचे नंबर विकायच्या चित्रात नकोत. ट्यूबवर लाइटफास्टनेसचा उल्लेखच नसेल, तर त्या रंगाने सराव करा, ऑर्डर नको. फ्लुरोसंट रंग तर उन्हात फार लवकर उडतात. आर्टिस्ट ग्रेडमध्ये गोल्डन, लिक्विटेक्स हेवी बॉडी, विन्सर अँड न्यूटन प्रोफेशनल ही नावं भरवशाची आहेत. सगळे रंग नाही परवडले तर निदान लाल, गुलाबी आणि जांभळा हे तरी नीट बघून घ्या, कारण दगा देणारे पिगमेंट याच घरात जास्त आहेत.

खरं कॅडमियम वापरत असाल तर तो रंग वाळल्यावर घासू नका आणि स्प्रे करू नका. त्याची धूळ किंवा फवारा श्वासात जाणं घातक आहे. ब्रश तोंडात धरायची सवय असेल तर तीही सोडा.

आपल्या हवेचा हिशोब

बाहेरची पुस्तकं त्यांच्या हवेसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, त्यात वर पंखा चालू, म्हणजे पॅलेटवरचा रंग बघता बघता कातडं धरतो. उपाय अगदी घरगुती. चपट्या टिफिनच्या डब्यात ओला टिश्यू पेपर पसरा, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग काढा. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग ओला. पावसाळ्यात उलट, वाळायला वेळ लागतो. वरून कोरडा वाटला तरी जाड थर आतून ओला असतो, तेव्हा व्हार्निशची घाई नको. आणि वाळलेली चित्रंही उन्हाळ्यात तोंडाला तोंड लावून रचू नका. हे पॉलिमर उष्णतेने मऊ पडतं आणि दोन कॅनव्हास एकमेकांना चिकटतात.

आणि गॅदरिंगचा बॅकड्रॉप?

हा मुद्दा खास क्लबच्या खजिनदारासाठी. पंधरा फुटांचा पडदा किंवा एकांकिकेचा सेट रंगवायला ट्यूबमधले रंग वापरणं म्हणजे अत्तराने आंघोळ करणं. हार्डवेअरच्या दुकानात पांढऱ्या इमल्शनचा डबा घ्या आणि स्टेनरच्या छोट्या बाटल्या. भिंतीच्या चांगल्या इमल्शनमध्येही बाइंडर ॲक्रिलिकच असतो. सेट चार प्रयोग टिकला की झालं, त्याला पन्नास वर्षं कुठे राहायचंय! डब्यातला रंग सपाट भागाला आणि ट्यूब फक्त बारीक कामाला, असं ठरवलं तर वाचलेल्या पैशात नवीन मुलांसाठी सहा सहा ट्यूबचे बरे सेट येतील.

तर थोडक्यात, शिकणाऱ्याने मोजक्या पण बऱ्या ट्यूब घ्याव्यात, हात बसलेल्याने कोड वाचावेत आणि विकणाऱ्याने लाइटफास्टनेस बघितल्याशिवाय ट्यूब उचलू नये. दुकानदार घाई करेल, मागे गिऱ्हाईक उभं असेल, तरी ट्यूब उलटी करून वाचा. आणि क्लबमध्ये कुणी "माझा हातच नाही" म्हणून सामान आवरायला लागलं, तर आधी त्याची ट्यूब तपासा!