फाउलर खाटेसाठी गादी निवडताना

भिवंडीजवळचा अंजूर परिसर गोदामांचा. मुंबई-ठाण्यात घरपोच येणारी गादी बहुधा अशाच एखाद्या गोदामातून निघते आणि हात लावून न पाहताच घेतली जाते. साध्या पलंगाला हे चालते. डोक्याकडून व गुडघ्यांखालून उचलता येणाऱ्या ‘फाउलर’ खाटेचे तसे नाही. (शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अर्धवट बसते ठेवण्याची पद्धत अमेरिकी शल्यविशारद जॉर्ज फाउलर यांनी १९०० मध्ये मांडली, त्यांचेच हे नाव.)

काथ्याची गादी कडक असते. खाट वाकते तेथे ती अधांतरी राहते आणि कालांतराने तडकते. तारांनी एकमेकींत गुंफलेल्या स्प्रिंगांची गादीही नीट वाकत नाही. सुट्या कापडी पिशव्यांतील स्प्रिंग, लेटेक्स किंवा दाट फोम यांची निवड करावी. मेमरी फोम मात्र किनारपट्टीच्या दमट हवेत उकडतो.

खरा धोका जाडीचा. दहा इंची मऊ गादी घातली की कठडे बुटके ठरतात आणि कूस बदलताना आजारी माणूस त्यांवरून खाली पडू शकतो. चार-पाच इंच पुरेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वर हवेची गादी घालावयाची असेल, तर तिचीही उंची धरूनच कठड्याचे माप घ्यावे.