टॅगची चावी कोणाकडे?

संकेतस्थळावर कोणी कोणते बटण दाबले, खरेदी कुठे अर्धवट सोडली, हे टिपणाऱ्या कोडच्या तुकड्याला टॅग म्हणतात. पूर्वी असा प्रत्येक टॅग बसवायला प्रोग्रॅमरकडे खेटे घालावे लागत. २०१२ साली आलेल्या गूगल टॅग मॅनेजरने हे काम जाहिरात विभागाच्या हाती दिले: साइटमध्ये एकदाच कोड घालायचा, मग कोणता टॅग केव्हा चालवायचा ते पडद्यावरच ठरवायचे. सोय मोठी आहे, पण कोड लिहावा लागत नाही म्हणून जोखीम संपत नाही. ‘कस्टम एचटीएमएल’ टॅगमधून हवी ती स्क्रिप्ट साइटवर चालवता येते. पान मंदावते ते वेगळेच, ग्राहकाने फॉर्मात भरलेला फोन नंबरही परस्पर बाहेर जाऊ शकतो.

प्रत्येक बदल तपासत बसलो तर वेग कुठे उरला, असा आक्षेप घेतला जातो. पण प्रिव्ह्यू मोडमध्ये टॅग आधी चालवून पाहायला फार वेळ लागत नाही. जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय आहे, हे खरे. बाहेर गेलेली माहिती मात्र त्याने परत येत नाही. म्हणून टॅग तयार करण्याची मुभा अनेकांना द्या, प्रकाशित करण्याचा अधिकार दोघांतिघांकडेच ठेवा आणि संपलेल्या मोहिमांचे टॅग काढून टाका.