कंपनीचा धंदा बदलायचा तर कोर्टाची परवानगी लागते का?

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात टोमॅटो खरेदीसाठी स्थापन झालेली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, असं समजा. तिच्या संचालकांना आता रिसॉर्ट काढायचंय. जुन्नर 2018 पासून राज्याचा पर्यटन तालुका आहे, त्यामुळे कल्पना जगावेगळी नाही. पण पैसा सभासदांच्या शेअर्सचा आहे. मग परवानगी कुणाची लागते?

पूर्वी काय होतं?

कंपनी कोणतं काम करणार, हे तिच्या मेमोरँडममध्ये लिहिलेलं असतं. 1956 च्या कायद्यानुसार त्यातली उद्दिष्टं बदलायला कोर्टाची मंजुरी लागायची. टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय पक्षांना देणग्या देण्याची तरतूद करायची होती. 1957 मध्ये मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ती मंजुरी कायम ठेवली, पण अशा देणग्यांचा लोकशाहीला असलेला धोकाही बोलून दाखवला.

1974 च्या दुरुस्तीने हा अधिकार कंपनी लॉ बोर्डाकडे गेला. 1996 च्या दुरुस्तीने उद्दिष्टांसाठी ती मंजुरीही रद्द झाली.

आता काय लागतं?

सभासदांचा विशेष ठराव. म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. शेतकरी कंपनीत शेअर्स कितीही असले तरी वैयक्तिक सभासदाला मत एकच. ठराव झाल्यावर 30 दिवसांत तो आणि सुधारित मेमोरँडम कंपनी निबंधकांकडे दाखल करावं लागतं.

मग रिसॉर्ट चालेल?

सहज नाही. शेतकरी कंपनीने कोणती कामं करायची, याची यादी कायद्याच्या कलम 378ब मध्ये आहे. शेतमालाची खरेदी, प्रतवारी, प्रक्रिया, विक्री, निर्यात वगैरे. पर्यटनाचा उल्लेख त्यात नाही. ते सभासदांच्या शेतमालाशी निगडित पूरक काम आहे, हे दाखवावं लागेल.

सभासदांनी काय पाहावं?

सभेचा कोरम साधारणपणे एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश असतो. 400 सभासद असतील तर 100. तेवढेच आले आणि सगळ्यांनी मतदान केलं, तर 75 मतांनी ठराव पास. उरलेले 300 घरीच!

सभेची लेखी नोटीस किमान 14 दिवस आधी द्यावी लागते. कोर्टाची चाळणी गेली, आता चाळणी सभासदांचीच. म्हणून नोटीस आली की विषयपत्रिका वाचा आणि सभेला जा.