बोट नव्हे, घरच!

गेममधला बेस बहुतेकदा गोदामच असतो. सामान टाकायचं आणि पुढच्या लढाईला निघायचं. 2020 साली आलेला ‘स्पिरिटफेरर’ मात्र खरंखुरं घर देतो. थंडर लोटस या कॅनडातल्या स्टुडिओचा हा गेम. तुम्ही स्टेला, सोबतीला डॅफोडिल मांजर, आणि बोटीवर मृतात्मे पाहुणे! प्रत्येकासाठी खोली बांधायची, आवडीनिवडी सांभाळून रांधायचं, जवळ घेऊन मिठी मारायची. बेडकाच्या रूपातल्या अतुलकाकाला तर खाण्याची भारी हौस. निरोप दिल्यावरही पाहुण्याची खोली पाडता येत नाही, फक्त हलवता येते. मला हा निर्णय ग्रेट वाटतो. बेस बांधायला आवडत असेल, तर हा गेम चुकवू नका. घाई न करता खेळा.