धूर बघा, मग पाना उचला

निफाडच्या थंडीत जुना ट्रॅक्टर सकाळी सुरू झाला नाही, की गावात तीन सल्ले तयार असतात. बॅटरी बदला. सेल्फ बदला. आणि सल्ला देणारा जरा जाणता असेल तर, इंजिनाचं काम काढा. तिन्ही खिशाला महाग, आणि बहुतेक वेळा तिन्ही घाईचे. माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनं खोलण्या-जोडण्यात गेली. निवृत्त होऊन गावी आलो तर इथेही तेच सुरू झालं, फक्त बसऐवजी ट्रॅक्टर. तिथला एक नियम मात्र मी सोडलेला नाही. गाडी का सुरू होत नाही, हे आधी सायलेन्सरला विचारायचं.

डिझेल इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं, तोच हा प्रकार. पण हवा किती तापेल हे दोन गोष्टींवर ठरतं: सुरुवातीला ती किती गार होती, आणि पिस्टनने ती किती झटकन दाबली. बाहेरचं तापमान 35 अंशांवरून 5 अंशांवर आलं, तर दाबल्यानंतरच्या हवेत निदान दुप्पट, म्हणजे साठेक अंशांचा फरक पडतो. सेल्फ हळू फिरत असेल तर आणखी वाईट. दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटायला आणि गार लोखंडाला आपली उष्णता द्यायला वेळ मिळतो. जुनं इंजिन मे महिन्यात एका झटक्यात सुरू होतं आणि जानेवारीत रडतं, ते यामुळे. आमच्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी पेपरात आली, की माझा फोन वाजणार हे ठरलेलं.

आता धूर. सेल्फ मारताना एकाने सायलेन्सरकडे बघत उभं राहायचं. काहीच धूर येत नसेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. मग बॅटरीला आणि रिंगांना दोष देऊन उपयोग नाही. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास आला, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी, नाहीतर नोझल फवारा मारण्याऐवजी धार सोडतंय, नाहीतर पंपाचं टायमिंग हललंय. सुरू झाल्यावर काळा धूर राहिला तर एअर क्लीनर चोंदलाय का ते बघा, आणि निळा दिसला तर ऑइल जळतंय. हे कळायला पैसा लागत नाही, आणि तरी कोणी बघत नाही. सगळे बघतात बॅटरीकडे.

गेल्या थंडीतलं एक उदाहरण सांगतो. शेजारच्या वस्तीवरच्या आप्पांचा तीन सिलिंडरचा, 35 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर. वय तिशीच्या पुढे. द्राक्षबागेला पहाटे फवारणी काढायची आणि ट्रॅक्टर जागचा हलेना, म्हणून रोज पोराच्या नव्या ट्रॅक्टरने टोचन. एका फिटरने त्यांना ‘कॉम्प्रेशन गेलंय, स्लीव्ह-पिस्टन टाका’ असं सांगून ठेवलेलं. आप्पा मला म्हणाले, “दादा, कांद्याला भाव नाही आन् हे म्हातारं पैसे मागतंय.”

सेल्फ मारला. इंजिन कण्हत फिरत होतं आणि मागून पांढरा धूर निघत होता. धूर आहे म्हणजे डिझेल येतंय. फिरणं मंद आहे म्हणजे आधी वीज बघायची. मीटर लावला. बॅटरी नुसती असताना 12.5 व्होल्ट, म्हणजे तब्येत ठीक. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खुंट्यांवर साडेदहा व्होल्ट, पण सेल्फवर आठच्या जरा वर. मधले दोन व्होल्ट गेले कुठे? वायरीत. जुनी माणसं ‘वायर तर आहे की धडधाकट’ म्हणतात, पण सेल्फ ओढतो तेव्हा दोन-तीनशे अँपिअर वाहतात. जोडावर एका ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला, तरी 300 अँपिअरला 3 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. हेडलाइट लखलखीत लागतो आणि सेल्फ मरतो, याचं कारण हेच. लाइटला जेमतेम पाच-दहा अँपिअर पुरतात.

आप्पांच्या ट्रॅक्टरला कधीतरी हौसेने रंग मारलेला, आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच बोल्ट आवळून बसवलेली. खाली गंज. पट्टी काढली, लोखंड पांढरं दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासलं, टर्मिनलची हिरवी भुकटी गरम पाण्याने धुतली, सगळं कोरडं करून आवळलं आणि वरून ग्रीस लावलं. सेल्फचा आवाजच बदलला. थंडीत बॅटरीची ताकदही कमी होते, पाच अंशांवर साधारण पाचवा हिस्सा गेलाच समजा. म्हणून वाटेत गळती परवडत नाही. इंजिनात घट्ट, एकाच ग्रेडचं 40 नंबरचं ऑइल असेल तर तेही सेल्फच्या वाटेत उभं राहतं. त्या जागी 15डब्ल्यू-40 घातलं, तर सकाळचं फिरणं हलकं होतं.

तरी ट्रॅक्टर लगेच सुरू होईना. बराच वेळ फिरून मग एक सिलिंडर बोलायचं, मग दुसरं. रात्रभर उभा राहिला की हे हमखास, आणि दिवसा बंद करून लगेच लावला तर त्रास कमी. असं असेल तेव्हा माझा संशय हवेवर जातो. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढणीचा असतो, म्हणजे त्यात आत खेच असते. तिथे क्लिपाखाली रबर चिरलं, तर डिझेल बाहेर गळताना फारसं दिसतच नाही. हवा मात्र आत जाते आणि रात्रीत डिझेल मागे टाकीकडे उतरतं. जमिनीवर थेंब नाही म्हणून मालक निर्धास्त. मी अशा वेळी फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी टाकतो. सकाळी तिच्यात बुडबुडे दिसले की आणखी पुरावा नको. आप्पांना ते दिसल्यावर नळीपुढून हलेनातच.

पाइप बदलला, दोन्ही फिल्टर बदलले आणि एअर काढली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपाची हाताची दांडी मारत राहायची, फेस जाऊन सलग डिझेल आलं की दांडी मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग पंपावरचे स्क्रू, शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ. या शेवटच्या वेळी तोंड आणि हात लांब ठेवा. नोझल पावणेदोनशे बारच्या आसपास उघडतं. त्या दाबाचं डिझेल कातडीत सुईसारखं शिरतं आणि ती जखम दिसायला छोटी असली तरी ऑपरेशनची असते.

राहिली नोझलं. ती मी स्वतः दुरुस्त करत नाही, टेस्टिंग मशीन असलेल्या पंपवाल्याकडेच पाठवतो. नाशिक जिल्ह्यात राहून नोझलसाठी रडायचं म्हणजे नवलच. सातपूरच्या कारखान्यात हीच वस्तू वर्षानुवर्षं बनत आली आहे. तीनपैकी एक नोझल ठिबकत होतं. टिप बदलली. हाती वेळ होता म्हणून टॅपेटही बघितले: या इंजिनाला थंड असताना 0.30 मिलिमीटर फट लागते, दोन व्हॉल्व्हना जवळपास काहीच नव्हती. फट नसली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन तिथूनही गळतं. फिटरचं निदान अगदीच खोटं नव्हतं म्हणा, फक्त गळतीची जागा चुकली होती. स्लीव्ह-पिस्टनला हात लावावा लागला नाही.

जुन्या यंत्रात एकच बिघाड क्वचित असतो. अर्थ, पाइप, नोझल, टॅपेट, यातलं कुठलंही एकटं आप्पांचा ट्रॅक्टर अडवू शकलं नसतं. थंडीत चौघांनी मिळून अडवला. थंडीत सुरू होण्याची कटकट तशी आजची नाही. इंग्लंडमध्ये 1956 साली आलेल्या फर्ग्युसन 35 मधलं चार सिलिंडरचं स्टँडर्ड डिझेल इंजिन याच बाबतीत बदनाम होतं, आणि 1959 च्या अखेरीस त्याजागी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवलं गेलं. त्याच घराण्याची इंजिनं मद्रासच्या सिम्प्सनमार्फत आपल्या शेतांत पोचली. त्यातल्या पुष्कळ जुन्या इंजिनांच्या हवेच्या वाटेत थर्मोस्टार्ट नावाचा छोटा हिटर असतो. किल्ली त्या घरात पंधरा-वीस सेकंद धरली की तो थोडं डिझेल जाळून आत जाणारी हवा गरम करतो. तुमच्या ट्रॅक्टरला तो असेल तर त्याची वायर जागेवर आहे का बघा. बहुतेकांची कधीच तुटलेली असते.

उलटा प्रकारही असतो. सकाळी झटकन सुरू होतो, दुपारी तापल्यावर बंद केला की लागतच नाही. रोटरी पंप असेल तर पंपावर ओलं फडकं टाकून बघा. त्याने सुरू झाला तर पंपाची आतली झीज झाली आहे: गरम डिझेल पातळ होऊन फटीतून निसटतं आणि पुरेसा दाब होत नाही. फडकं हा फक्त पुरावा, इलाज नाही. आणि पंपवाल्याकडे जायच्या आधी इंजिन बंद करायची नॉब पूर्ण आत जाते का, तेही पाहून घ्या. केबल गंजून अर्धवट अडकल्याने डिझेल बंद राहिलेले ट्रॅक्टर मी टोचनने वर्कशॉपात आलेले पाहिलेत.

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं, आत पेट्रोल किंवा ईथरचा स्प्रे मारणं, हे मला मान्य नाही. हिटर चालू असताना ईथर मारला तर तो हवेच्या वाटेतच भडकतो, आणि अवेळी झालेल्या स्फोटाने रिंगा मोडतात. त्यापेक्षा रेडिएटरमधलं थोडं पाणी काढून तिथे गरम पाणी घाला.

सगळ्यात धोक्याची खोड शेवटी सांगतो. किल्ली चालत नाही म्हणून खाली उभं राहून पान्याने सेल्फ शॉर्ट करू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होताच पुढे जातो, आणि त्याच्या मागच्या चाकापुढे तुम्हीच उभे असता. न्यूट्रल करा, सीटवर बसा, मगच सेल्फ मारा. सीटवरून सुरू होत नसेल तर त्या दिवशी फवारणी राहू द्या.